दुसऱ्या भागाची सुरुवात पहिल्या भागाच्या दोषारोपपत्रातून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पहिल्या कादंबरीत गोदाकाठच्या एका तालुक्यात वाळूच्या गाड्या अडवणाऱ्या तलाठ्याचा खून होतो. तुमचा नायक, सहायक पोलीस निरीक्षक, छडा लावतो, वाळूच्या ठेकेदाराला बेड्या पडतात आणि पुस्तक संपतं. काळ २०२३चा. आता दुसऱ्या भागात तुम्हाला पोलीस आणि राजकारण यांचं साटंलोटं दाखवायचंय. आमदार खलनायक आहे, पण ज्यांना पहिली पन्नास पानं वाचायला दिली त्यांना तो फिल्मी वाटला. प्रत्यक्षात हे कसं चालतं, असं तुम्ही विचारलंय.

मी उपनिरीक्षक म्हणून खात्यात लागलो आणि उपविभागीय पोलीस अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली एकतीस वर्षं बहुतेक तालुक्याच्या ठाण्यांत गेली. आता लेखकांची हस्तलिखितं वाचून तपासाच्या चुका सांगतो. तुमची पन्नास पानं मी दोनदा वाचली. आमदार फार्महाऊसवर बसून ठाणेदाराला ‘त्याला संपवा’ म्हणतो, तिथे मी दोन्ही वेळा थांबलो. एकतीस वर्षांत माझ्यासमोर कुठल्याही लोकप्रतिनिधीने असं वाक्य उच्चारलं नाही. तशी वेळच येत नाही. का येत नाही, हे दाखवलंत की तुमचा दुसरा भाग उभा राहील.

त्यासाठी नवीन खून नको. पहिल्याच खुनाची फाईल उघडा.

वाचकाला वाटतं, अटक झाली म्हणजे संपलं. आमचं खरं काम तिथून सुरू होतं. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६७(२)ची ही डिफॉल्ट बेल. हे दिवस अटकेपासून मोजत नाहीत, मॅजिस्ट्रेटने पहिला रिमांड दिला त्या दिवसापासून मोजतात. तुमचा गुन्हा २०२३चा आहे, म्हणून त्याला कलमं जुनीच राहणार: खुनाचं भारतीय दंड संहितेचं ३०२, जबाबांची फौजदारी प्रक्रिया संहितेची १६१ आणि १६४. भारतीय न्याय संहितेचं १०३ लागतं ते १ जुलै २०२४ किंवा त्यानंतर घडलेल्या खुनाला. तुमचा आरोपीचा वकील या जुन्या खटल्यात १०३ म्हणतो, ते दुरुस्त करा. कोर्टात वावरणारा वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

तर पहिला प्रसंग असा घ्या. ७८वा दिवस आहे. नायकाने दोषारोपपत्र तयार करून छाननीला पाठवलंय आणि ते त्रुटी काढून परत आलंय. नकाशावर सही नाही, एका जबाबात तारीख खाडाखोड केलेली, मोबाईलच्या सीडीआरला, म्हणजे कॉलच्या नोंदींना, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं ६५ब चं प्रमाणपत्र जोडलेलं नाही. तिन्ही त्रुटी खऱ्या आहेत, कुणीही प्रामाणिक अधिकारी त्या काढेलच. नायक त्या पूर्ण करतो, फाईल पुन्हा जाते, पुन्हा दोन त्रुटी निघतात. ८६व्या दिवशी त्याला शेजारच्या जिल्ह्यात यात्रेच्या बंदोबस्ताला काढतात. या साखळीत एकही बेकायदा आदेश नाही. वाचकाच्या पोटात गोळा यायला एवढं पुरेसं आहे. नायकाने रात्र जागून, रायटरला, म्हणजे कागदपत्रं लिहिणाऱ्या अंमलदाराला घेऊन, ८९व्या दिवशी दोषारोपपत्र दाखल केलं असं दाखवा. घाईत काय राहून गेलं, ते पुढच्या दोनशे पानांत उलगडू द्या.

काय राहून जातं? एक म्हणजे पंच. तुमच्या पहिल्या भागात आरोपी निवेदन देतो आणि नदीकाठच्या बाभळीखालून कोयता काढून देतो. पंच कोण, तर ठाण्यासमोरचा चहावाला. हे तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत, बहुतेक ठाण्यांत पंच असाच मिळतो. कुणी यायला तयार नसतं, मग समोरच्या टपरीवरच्या माणसाला हाक मारतात. आता त्या टपरीची जागा कुणाची? नगरपरिषदेची. खटला उभा राहायच्या महिनाभर आधी त्याला अतिक्रमणाची नोटीस येते. नोटीस कायदेशीर आहे. तो नगरसेवकाकडे जातो, नगरसेवक म्हणतो, ‘अरे, तुझं काम होऊन जाईल, काळजी करू नको. ते कोर्टाचं कधी आहे रे तुझं?’ एवढंच. कोर्टात तो सांगतो, ‘साहेब, मला ठाण्यात बोलावून कागदावर सही घेतली. कोयता मी पाहिला नाही.’ सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करून उलटतपास घेतात. जप्ती मोडत नाही, पण खिळखिळी होते. मी स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून असे पंच पाहिलेत. खाली उतरल्यावर ते माझ्याकडे बघत नसत. एकाने मात्र कोर्टाच्या आवारात येऊन माझे हात धरले होते. बोलला काही नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तलाठ्याच्या बायकोचा जबाब. आदल्या संध्याकाळी ठेकेदार घरी येऊन धमकावून गेला, हे तिने पोलिसांना सांगितलंय. तो जबाब १६१चा आहे, त्यावर साक्षीदाराची सही नसते आणि कोर्टात तो पुरावा म्हणून चालत नाही. ती उद्या म्हणाली, ‘मी असं सांगितलंच नाही, पोलिसांनी का लिहिलं माहीत नाही,’ तर वकील तेवढा मजकूर ‘पोर्शन ए’ म्हणून खूण करून घेतात आणि तपास अधिकाऱ्याकडून सिद्ध करून घेतात. त्याने साक्षीदार खोटा ठरतो, आरोपी दोषी ठरत नाही. नायकाने मॅजिस्ट्रेटसमोर १६४चा जबाब नोंदवून घ्यायला हवा होता. तोही मूळ पुरावा नव्हे, पण शपथेवर दिलेला असल्यामुळे साक्षीदाराला त्यापासून मागे फिरणं जड जातं. घाईत ते राहिलं. ही चूक नायकाची स्वतःची असू द्या, वरच्याने करायला लावलेली नको.

आता आमदार. तो फिल्मी वाटतो कारण तुम्ही त्याला फक्त पोलिसांशी बोलताना दाखवलंय. त्याला सकाळी सात वाजता बंगल्याच्या ओसरीवर दाखवा. शंभरेक माणसं बसलीत. कुणाच्या आईचं ऑपरेशन आहे, हॉस्पिटल डिपॉझिट मागतंय, कुणाच्या पोराला वसतिगृहात जागा हवी, कुणाचा ट्रान्सफॉर्मर जळून आठ दिवस झाले. तो प्रत्येकाला नावाने ओळखतो, फोन लावतो, काम होतं. दहाव्याला जातो, लग्नाला जातो, सप्ताहाला पंगत देतो. या सगळ्याला पैसा लागतो, दर महिन्याला लागतो. तो कुठून तरी यावा लागतो, आणि नदी गावाशेजारून वाहते. तुमचा ठेकेदार त्याचा नोकर नाही, मेहुणाही नाही. तो त्याच्या राजकारणाचा खर्च उचलणारा माणूस आहे. ठेकेदार आत राहिला तर पुढच्या निवडणुकीत बूथवरची पोरं सांभाळायची कुणी, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न. अशा माणसाचा वाचकाला राग यावा आणि त्याच वेळी आपणही कधीतरी त्याच ओसरीवर बसलो होतो हे आठवावं.

तो फोन करत नाही. पीए करतो. आणि पीएही सांगत काही नाही, विचारतो: ‘साहेब, ते अमुक प्रकरण कुठपर्यंत आलं? दादा विचारत होते.’ या वाक्यात गुन्हा शोधून सापडत नाही. पण ज्याला ऐकायचं त्याला ते पूर्ण ऐकू येतं. नायकाने ऐकलं नाही तर? विधानसभेच्या अधिवेशनात लक्षवेधी सूचना लागते: ‘अमुक तालुक्यात वाढती गुन्हेगारी, पोलिसांचे दुर्लक्ष.’ तुम्ही नागपूरचं हिवाळी अधिवेशन घ्या, डिसेंबरची थंडी घ्या. ठाण्यात रात्री नऊला संदेश येतो की तीन वर्षांची गुन्ह्यांची आकडेवारी, उघड-न उघड, प्रलंबित, सगळं सकाळी सहाच्या आत पाठवा. ठाणे अंमलदारापासून आवक-जावक सांभाळणाऱ्या बारनिशीपर्यंत सगळे जागतात. कुणाचाही अपमान न करता अख्ख्या ठाण्याला कळतं की हे कुणामुळे चाललंय. दोन दिवसांनी सहकारीच नायकाला म्हणतात, ‘कशाला एवढं धरून बसलाय?’ खात्यातला एकटेपणा असा तयार होतो, आणि तुमच्या पन्नास पानांत मला तो कुठेच दिसला नाही.

मग बदली. हे प्रकरण तुम्ही दोन ओळींत उरकलंय, त्याला दोन प्रकरणं द्या. माझ्या मते पोलीस आणि राजकारण यांच्यातला सगळा व्यवहार बदलीभोवती फिरतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सांगितलं की ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं हलवू नका आणि बदल्या पोलीस आस्थापना मंडळाकडे द्या. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम २२न आलं. उपनिरीक्षक ते निरीक्षक या हुद्द्यांना ठाण्यात दोन वर्षं, जिल्ह्यात चार, परिक्षेत्रात आठ, असा कार्यकाळ लिहिलेला आहे. पण त्याच कलमात जनहित आणि प्रशासकीय निकड यांसाठी मुदतपूर्व बदलीचीही सोय आहे. ती ज्यासाठी ठेवली त्यासाठी वापरली तर योग्यच आहे. नायकाची बदली ‘जनहितार्थ’ होते, आणि आदेशात कारण म्हणून तीच लक्षवेधी येते.

अधिकारी मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात जाऊ शकतो, बरेच जातात आणि जिंकतातही. म्हणून त्याहून सोपा मार्ग वापरतात: ‘नियंत्रण कक्षाशी संलग्न.’ खात्याच्या बोलीत, कंट्रोलला जमा. कागदावर बदली नाही, त्यामुळे आव्हान द्यायला हातात धड आदेशही नसतो. माणूस रोज गणवेश घालून जातो, हजेरी लावतो आणि वायरलेसच्या खोलीतल्या खुर्चीवर बसून राहतो. मी सात महिने बसलोय. घरी मुलगी विचारायची, ‘बाबा, आज काय पकडलं?’ हा प्रसंग हवा तर घ्या.

आणि एक लक्षात ठेवा, माणसं बोलतात ती बदलीनंतर. १७ मार्च २०२१ रोजी मुंबईच्या पोलीस आयुक्तांची बदली झाली. २० मार्चला त्यांचं मुख्यमंत्र्यांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं, त्यात गृहमंत्र्यांवर दरमहा १०० कोटींच्या वसुलीचं लक्ष्य दिल्याचा आरोप होता. गृहमंत्र्यांनी तो नाकारला. ५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितलं आणि त्याच दिवशी गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला. आरोपांच्या खरे-खोटेपणाबद्दल मी इथे काही म्हणत नाही. कथा लिहिणाऱ्याने बघायच्या त्या तारखा. पहिल्या दोन तारखांत तीन दिवसांचं अंतर आहे. तुमच्या कादंबरीत जो वरिष्ठ दुसऱ्या भागाच्या मध्यात अचानक नायकाला मदत करू लागतो, त्याला तुम्ही सद्सद्विवेकबुद्धीचं कारण दिलंय. त्याची खुर्ची जाऊ द्या आधी. मग तो बोलेल, आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हा नायकापुढचा पेच होईल.

पैशाचं थोडक्यात सांगतो, तुम्ही त्यावर जास्तच पानं घातली आहेत. सुटकेस, बंदुकीचे पहारे, मोजणी यंत्रं, सगळं काढा. वाळूच्या गाडीची ‘एंट्री’ असते, म्हणजे गाडी सोडायचा ठरलेला हप्ता. गाडीचा नंबर एका वहीत असतो, वही एका अंमलदाराकडे असते, आणि तो ठाण्यात काहीही बोलत नाही. महसूल, पोलीस, परिवहन यांच्या वह्या वेगवेगळ्या. २०२३च्या एप्रिलमध्ये सरकारने ६०० रुपये ब्रास दराने डेपोतून वाळू द्यायचं धोरण आणलं. बाजारात त्याच ब्रासला त्याच्या कितीतरी पट मिळत होते. हा फरक खिशात घालायला टपलेली माणसं किती, हे तुमच्या वाचकाला एका हायवा डंपरच्या हिशेबाने दाखवा, चार-पाच ब्रासची एक खेप, रात्रीत तीन खेपा. तुमच्या तलाठ्याने पहिल्या भागात जमीन महसूल संहितेच्या ४८(७)प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंतच्या दंडाचा प्रस्ताव केला होता, तेच त्याच्या मृत्यूचं कारण. तो प्रस्ताव तहसील कार्यालयात कुठल्या टेबलावर आहे? पहिल्या भागात तुम्ही तो विसरलात. दुसऱ्या भागात तो सापडायला हवा. एवढी मोठी वस्तू तुमच्या हातात आयती आहे.

सरकारी कागद हलका समजू नका. बनावट मुद्रांकांचं तेलगी प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचं मूळ नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधल्या मोडीत काढलेल्या छपाई यंत्रांच्या लिलावात होतं, हे कमी जणांच्या लक्षात आहे. मोडीत काढल्याचा शेरा, लिलावाची यादी, गेटपास. एवढ्या सह्यांवरून ती यंत्रं बाहेर पडली, आणि पुढे बडे पोलीस अधिकारी तुरुंगात जाण्यापर्यंत ते प्रकरण पोचलं.

नायकाबद्दल मला एक सांगायचंय, आणि ते माझ्याबद्दलही आहे. तुमचा नायक फार स्वच्छ आहे. मी प्रोबेशनवर होतो तेव्हाची गोष्ट. सायकलवरून दूध घालायला निघालेल्या माणसाला जीपने उडवलं. जीप चालवणाऱ्या मुलाला लोकांनी ९ वाजून १० मिनिटांनी ठाण्यात आणून बसवलं, तोंडाला दारूचा वास येत होता. मुलगा पुढाऱ्याच्या घरातला. स्टेशन डायरी माझ्यासमोर होती. निरीक्षक आले, म्हणाले, ‘दोन ओळी सोडून पुढची नोंद घे.’ मी सोडल्या. पाऊण तासाने दुसराच माणूस आला, त्याने आपण चालवत होतो असं सांगितलं. मग मला वेळ सांगितली गेली, १०.४०, आणि मी त्या दोन ओळींत लिहिलं की जीपचालक स्वतःहून हजर झाला. मुलगा मागच्या दाराने घरी गेला, त्याची वैद्यकीय तपासणी झालीच नाही. मला कुणी एक पैसा दिला नाही. ‘तुझं प्रोबेशन अजून संपायचंय,’ एवढंच मला ऐकवलं होतं. मयताचा बाप पंधरा दिवस रोज येऊन आवारातल्या लिंबाखाली बसायचा. मी आत जाता-येता तो उठून मला नमस्कार करायचा. त्याला वाटायचं, हा तरुण साहेब काहीतरी करील.

त्या दोन ओळी मी आयुष्यभर वागवतोय. तुमच्या नायकाच्या नोकरीतही अशा दोन ओळी असू द्या, आणि त्या आमदाराच्या पीएला माहीत असू द्या. मग नायकाला विकत घ्यायची किंवा मारायची गरज राहत नाही. त्याला फक्त आठवण करून द्यायची. आणि नायक लढायचं ठरवतो तेव्हा आधी स्वतःच्या त्या नोंदीबद्दल लेखी कबुली देतो का, हा प्रश्न तुमच्या पन्नास पानांतल्या कुठल्याही गोळीबारापेक्षा वाचकाला धरून ठेवील.

लढायला त्याच्याकडे काय आहे, तेही अचूक लिहा. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२१ खाली न्यायालयाची संमती लागते, सरकारच्या मनात आलं म्हणून होत नाही. दुसरी सोय समरीची, म्हणजे तपास बंद करायला पोलीस मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात त्या अहवालाची. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, ‘ब’ म्हणजे फिर्यादच खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा ना खरी ना खोटी. वाळूच्या जुन्या गुन्ह्यांत ‘अ’ समऱ्या सापडतील, गाडीचा नंबर फिर्यादीत लिहिलेला असूनही आरोपी मिळून न आलेल्या. त्या समरी मॅजिस्ट्रेट नाकारू शकतात आणि पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात. नायकाने त्या एकत्र काढाव्यात, ठाण्याची कोर्टातली कामं बघणारा एखादा म्हातारा पैरवीवाला हवालदार त्याला मदत करील, त्याला सगळ्या फाईलींच्या जागा पाठ असतात.

कथा २०२५मध्ये आली की नवीन कायदाही हाताशी येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं. दोन ओळी सोडून ठेवायची सोय तिथे नाही. दुसऱ्या भागात वाळूची नवीन गाडी पकडताना नायकाने मोबाईल सुरू ठेवलेला आहे, आणि चित्रीकरणात पीएचा फोन वाजताना स्क्रीनवरचं नाव क्षणभर दिसतं, असं काहीतरी तुम्हाला सुचेल.

लाचलुचपतचा सापळा मात्र तुम्ही चुकीचा लिहिलाय. तक्रार आल्याबरोबर धाड पडत नाही. आधी मागणीची पडताळणी होते, पंचासमोर, रेकॉर्डर लावून. मग नोटांना फिनॉल्फ्थॅलीन पावडर लावतात, तक्रारदाराला बजावतात की मागितल्याशिवाय द्यायचं नाही. पैसे घेतलेला हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं. आणि तेवढ्यावर शिक्षा होत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. तुमच्या कादंबरीत सापडतो तो वही सांभाळणारा अंमलदार. आमदाराचा हात गुलाबी झालेला दाखवू नका, तो नोटेला हात लावत नाही.

शेवटी तलाठ्याची बायको. तुमच्या पानांत तिला गुंड धमकावतात. ते काढून टाका. नवरा नोकरीत असताना गेलाय, म्हणजे तिचा अनुकंपाचा अर्ज आहे. प्रतीक्षायादी असते, तिचा नंबर यादीप्रमाणे, हक्काने आलेला आहे. पण नेमणुकीचा आदेश निघायच्या आदल्या संध्याकाळी पीएचा फोन येतो: ‘ताई, दादांनी स्वतः पाठपुरावा केला. उद्या ऑर्डर मिळेल.’ ती देवापुढे साखर ठेवते. दोन पोरांची फी, सासूची औषधं, भाड्याची खोली, सगळ्याचा प्रश्न सुटलेला आहे. तिच्याकडे कुणी काहीही मागितलेलं नाही.

साक्षीची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तुम्ही तो प्रसंग आधी लिहा, बाकीचं पुस्तक त्याच्या मागे-पुढे बसेल. सत्र न्यायालय, दुपारी साडेबारा, वर पंखा. ठेकेदार आरोपीच्या जागी हात जोडून उभा. नायक कंट्रोलमधून रजा टाकून आलाय आणि साक्षीदार असल्यामुळे बाहेरच्या बाकावर बसलाय, त्याला आतलं ऐकू येत नाही. तिच्या पर्समध्ये नेमणुकीचा कागद चार घड्या करून ठेवलेला आहे. सरकारी वकील विचारतात, ‘घटनेच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या घरी कोण आलं होतं?’